बी.ए. चालतं, बाप्पा!

बी.ए. चालतं! पुन्हा सांगतो, बी.ए. चालतं! बी.कॉम. चालतं, बी.एस्सी. चालतं, कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो! दवाखाना कसा चालवायचा याचं शिक्षण घ्यायला आधी डॉक्टर असावं लागत नाही! हे कळल्यापासून मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगतोय, आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आलेल्या आजोबांनाही सांगितलं, आणि आता तुम्ही सापडलात. बसा. पाच मिनिटं द्या. नाही, पाच पुरायची नाहीत, पंधरा द्या!

एक गोष्ट मात्र आधीच सांगून टाकतो. मी आरोग्य खात्यातला नाही, प्राध्यापक नाही, करिअर मार्गदर्शक तर मुळीच नाही. मेहकरला माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. पोलीस भरती, तलाठी, जिल्हा परिषद, महाडीबीटीची शिष्यवृत्ती, पीक विमा, जे येईल ते भरतो. फोटोचे केबी कमी करणं, सही स्कॅन करणं, सर्व्हर कधी चालू होतो याकडे डोळे लावून बसणं, ही माझी विद्या. तेव्हा पुढचं सगळं एका नव्यानं वेड लागलेल्या माणसाचं बोलणं आहे, हे धरून ऐका.

झालं असं, की लोणार तालुक्यातली एक मुलगी आली. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. म्हणाली, "काका, सीयूईटी-पीजीचा फॉर्म भरायचा आहे." म्हटलं भरू की! कशासाठी? तर म्हणाली, "टाटा इन्स्टिट्यूटला हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन करायचं आहे, एमएचए." मी तिच्याकडे बघतच राहिलो. म्हटलं, बेटा, त्याला एमबीबीएस लागत असेल ना? तिनं मोबाइल पुढे केला. माहितीपत्रिका. पात्रता: कोणत्याही शाखेची पदवी. मी वाचलं. मग चष्मा पुसून वाचलं. मग बाजूच्या झेरॉक्सवाल्या भाऊंना बोलावून त्यांच्याकडून वाचून घेतलं! कोणत्याही शाखेची पदवी! इतकी वर्षं फॉर्म भरतोय, पण हा फॉर्म माझ्या दुकानात कधी आलाच नव्हता. आपल्याकडच्या पोरांना बारावीनंतर नर्सिंग, फार्मसी, डी.एड. माहीत असतं, पदवीनंतर बी.एड. आणि भरती माहीत असते, आणि हे दार तर कित्येकांनी पाहिलेलंच नाही!

फॉर्म भरला. मुलगी गेली. आणि मग माझी पंचाईत सुरू झाली, कारण मला झोप येईना! हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन म्हणजे असतं तरी काय? दोन वर्षं शिकण्यासारखं त्यात काय असेल? केसपेपर फाडायचा, पैसे घ्यायचे, बस ना? आणि मग मी शोधायला लागलो, आणि एकातून एक निघत गेलं, आणि मग रात्रीचे बारा कधी वाजले ते कळलंच नाही!

पहिलं सापडलं ते कचऱ्याचं. हसू नका, कचऱ्याचं! दवाखान्यात पिवळी पिशवी असते, लाल असते, सुयांसाठी पांढरा डबा असतो, काचेसाठी निळा असतो. तुम्ही पाहिलं असेल. मीही शंभरदा पाहिलं होतं, पण कधी विचार केला नव्हता! २०१६ चे नियम आहेत त्याचे, जैववैद्यकीय कचऱ्याचे. रक्ताने भिजलेला कापूस आणि ड्रेसिंग पिवळ्यात, ते जाळायचं. सलाइनची नळी, सुई काढलेली सिरिंज लालमध्ये, कारण ते प्लास्टिक निर्जंतुक करून पुन्हा वापरात आणता येतं. सुया आणि ब्लेड पांढऱ्या डब्यात, आणि तो डबा असा पाहिजे की त्यातून सुई आरपार येणार नाही. का? कारण ती सुई उद्या कचरा उचलणाऱ्या बाईच्या हाताला टोचेल! एका रंगामागे एवढा विचार! एका डब्याच्या जाडीमागे एका बाईचा हात! मी दुसऱ्याच दिवशी सरकारी रुग्णालयात गेलो, कारण काहीच नव्हतं, फक्त ते डबे बघायला गेलो. होते! चारही रंग होते! मी तिथं उभा राहून मोजत होतो आणि शिपाईभाऊ विचारत होते, "कोणाले भेटाचं हाय?"

आणि मग औषधांचं भांडार. हे तर भारीच आहे! दवाखान्याच्या स्टोअरमध्ये शेकडो वस्तू असतात, सगळ्यांवर सारखं लक्ष ठेवता येत नाही, मग करायचं काय? तर दोन चाळण्या लावायच्या. एक पैशाची. थोड्याच वस्तू बहुतेक पैसा खातात, त्या 'ए' गटात, त्यांचा हिशोब डोळ्यात तेल घालून. मग 'बी', मग 'सी'. दुसरी चाळणी जिवाची. व्हायटल, इसेन्शियल, डिझायरेबल. म्हणजे जे नसलं तर माणूस जाईल, जे नसलं तर अडेल, आणि जे नसलं तरी चार दिवस चालेल. आता सर्पदंशावरची लस घ्या. आपल्याकडे सोयाबीनच्या सोंगणीला, रात्री तुरीला पाणी द्यायला गेलेल्याला साप चावतो. ती लस 'व्हायटल'! ती संपल्यावर मागवायची नसते, संपायच्या किती आधी मागवायची याचं गणित असतं, आणि ते गणित शिकवतात! वर्गात बसवून शिकवतात! आपण आजवर "लस शिल्लक नाही" हे शब्द नशिबाच्या खात्यात टाकत आलो. त्यामागे कुणाचं तरी एक गणित असतं, चुकलेलं किंवा कुणी केलेलंच नसलेलं!

तुम्ही शेगावला जाता ना? गजानन महाराजांच्या दर्शनाला? एवढी गर्दी, आणि तरी रांग सरकते, पाणी मिळतं, प्रसाद मिळतो, जमीन लखलखीत, चप्पल जिथं ठेवली तिथं सापडते. आपण घरी येऊन म्हणतो, काय व्यवस्था आहे! पण ती आपोआप होत नाही. कुणीतरी रांगेची वळणं आखलेली असतात, कोण कुठं उभा राहील हे ठरवलेलं असतं, सेवेकऱ्यांच्या पाळ्या लावलेल्या असतात. हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन म्हणजे हेच, फक्त रांगेतला माणूस तापानं फणफणलेला असतो आणि त्याला उभं राहवत नसतं. हे एकदा डोक्यात शिरलं आणि मग मला प्रत्येक ओपीडी वेगळी दिसायला लागली! केसपेपरची खिडकी एका टोकाला आणि रक्त तपासणी दुसऱ्या टोकाला का? म्हाताऱ्या माणसानं तीन वेळा तोच जिना का चढायचा? रिपोर्ट चार वाजता मिळतो आणि गावाकडची शेवटची गाडी साडेतीनला सुटते, हे कुणी जुळवून का बघत नाही? ही सगळी कामं कुणाची तरी आहेत! त्यांचं शिक्षण आहे! त्याची पदवी आहे!

आणि एक गोष्ट आहे जी वाचल्यावर मी संगणक बंद करून बाहेर जाऊन उभा राहिलो. भंडारा, ९ जानेवारी २०२१. जिल्हा रुग्णालयातल्या नवजात बाळांच्या विशेष कक्षाला रात्री आग लागली आणि दहा बाळं गेली. ती बातमी तेव्हा आपण सगळ्यांनी पाहिली होती, हळहळलो होतो. आता या अभ्यासक्रमाच्या नजरेतून पुन्हा वाचली. विजेच्या भाराचं ऑडिट, आगीचं ऑडिट, धूर ओळखणारी यंत्रणा, रात्रपाळीला किती माणसं, बाहेर पडायचा रस्ता मोकळा आहे की नाही. हे सगळं आग लागायच्या आधी बघायचं असतं, आणि बघणारा माणूस डॉक्टरच असला पाहिजे असं नाही. डॉक्टर जीव वाचवतात हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. वायरिंग तपासून घेणारा, जिना मोकळा ठेवायला लावणाराही जीव वाचवतो, हे मला आत्ता कळतंय.

बरं, हा अभ्यास काही कालचा नाही! अमेरिकेत शिकागो विद्यापीठानं १९३४ साली रुग्णालय प्रशासनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला, तो तिथला अशा प्रकारचा पहिला. आणि त्याच्याही आधी कोण? फ्लॉरेन्स नाइटिंगेल! आपल्याला शाळेत दिवा घेतलेली बाई तेवढी शिकवली. पण क्रिमियाच्या युद्धावरून परत आल्यावर तिनं सैनिकांच्या मृत्यूंची आकडेवारी मांडली, आकृत्या काढल्या, किती माणसं जखमांनी गेली आणि किती घाणीनं पसरणाऱ्या रोगांनी गेली ते दाखवलं. १८५९ मध्ये तिचं रुग्णालयांवरचं पुस्तक आलं, त्यात खिडक्या कशा असाव्यात, वॉर्ड केवढा असावा, दोन खाटांत जागा किती असावी! खाटांमधली जागा! मला सांगा, ती बाई हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेटर नव्हती तर कोण होती?

आणि आपल्या मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट. १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क या नावानं सुरू झालेली. १९५४ मध्ये देवनारला गेली, १९६४ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. 'टिस' म्हणतात पोरं तिला. तिथं आरोग्य व्यवस्थेच्या अभ्यासासाठी वेगळं स्कूल आहे, त्यात ही एमएचए, आणि सार्वजनिक आरोग्याची एमपीएचही. दोन वर्षं, चार सत्रं, आणि मधेमधे खऱ्याखुऱ्या रुग्णालयांत जाऊन काम करायचं. दिल्लीच्या एम्समध्येही एमएचए आहे, पण ती एमबीबीएस झालेल्यांसाठी. जयपूरची आयआयएचएमआर १९८४ पासून याच विषयाला वाहिलेली. पुण्यात सिम्बायोसिसचं आरोग्य व्यवस्थापनाचं एमबीए आहे, त्याला स्नॅप नावाची परीक्षा लागते. या बाकीच्यांवर मी फार थांबत नाही, कारण माझं मन टिसवर बसलंय, तिथं पोहोचलेला आपल्या शेजारच्या तालुक्यातला माणूस मला सापडलाय!

राजू केंद्रे! गाव पिंप्री खंदारे, तालुका लोणार, जिल्हा बुलढाणा! लोणार म्हटलं की जगाला उल्केचं सरोवर आठवतं, मला यापुढे हा माणूस आठवणार. भटक्या जमातीतलं शेतकरी कुटुंब. पुण्याला स्पर्धा परीक्षेसाठी गेला, वसतिगृह मिळालं नाही, परत फिरावं लागलं. मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली. मेळघाटात आदिवासी गावांमध्ये काम केलं. मग टिसच्या तुळजापूर केंद्रात ग्रामीण विकास शिकला, आणि मग २०१७ साली 'एकलव्य' नावाचं काम उभं केलं, कशासाठी? तर आपल्यासारख्या घरांतल्या, शिकणाऱ्या पहिल्या पिढीच्या पोरांना अशा संस्थांचे अर्ज कसे भरायचे, उद्देशपत्र कसं लिहायचं, मुलाखतीला कसं बसायचं हे शिकवण्यासाठी! निवासी कार्यशाळा घेतात! अर्ज भरायला शिकवणारी कार्यशाळा! मी, जो जन्मभर फॉर्म भरतोय, तो हे वाचून खुर्चीतून उठलो! आणि मग २०२१ मध्ये त्यांना ब्रिटिश सरकारची चेवनिंग शिष्यवृत्ती मिळाली, लंडनच्या सोॲसमध्ये शिकले, २०२२ मध्ये फोर्ब्स इंडियाच्या तिशीच्या आतल्या तीस जणांच्या यादीत नाव आलं. पिंप्री खंदारे ते लंडन! आणि इथली पोरं मला विचारतात, "काका, आपल्याकडच्यांना घेतात का हो तिथं?" घेतात! घेतलंय!

आता फॉर्मकडे या, हे माझं क्षेत्र आहे, इथं मला बोलू द्या.

टिसचा पदव्युत्तर प्रवेश आता सीयूईटी-पीजीतून होतो. देशभराची एक परीक्षा, नॅशनल टेस्टिंग एजन्सी घेते. ७५ प्रश्न, बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. पर्यायी उत्तरांचीच परीक्षा आहे, संगणकावर. म्हणजे ज्या पोरांनी पोलीस भरती आणि तलाठीची तयारी केलीय, त्यांना वातावरण नवीन नाही! पण एक परीक्षा दिली की झालं असं नाही, टिसचा स्वतःचा अर्ज वेगळा भरावा लागतो, आणि पुढचा टप्पा असतो त्यात तुमचं म्हणणं, तुमची समज बघतात. तपशील वर्षागणिक बदलतात म्हणून त्या वर्षाची माहितीपत्रिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची. वाचायचीच! पोरं नुसती तारीख बघतात आणि फॉर्म माझ्या टेबलावर ठेवतात.

आणि दाखला! हे कान देऊन ऐका! आपण तहसीलमधून नॉन-क्रीमी लेयरचा जो दाखला काढतो तो बहुतेक वेळा राज्याच्या नमुन्यातला असतो. केंद्राच्या प्रवेशाला केंद्राच्या नमुन्यातला लागतो. दोन वेगळे कागद! आणि आपल्या जिल्ह्यात तर याला फार महत्त्व आहे, कारण इथं वंजारी आहेत, धनगर आहेत, राज्यात ते भटक्या जमातींच्या यादीत, ड आणि क गटात, पण केंद्राच्या यादीत ते ओबीसी! फॉर्मवर 'एनटी' शोधत बसलं तर तो रकानाच सापडत नाही, आणि पोरगं घाबरून खुल्या गटात फॉर्म भरून मोकळं होतं. आपला हक्क एका रकान्यापायी सोडून देतं! उत्पन्नाची मर्यादा आठ लाखांची आहे. सेतू केंद्रात जाताना तोंडानं स्पष्ट म्हणायचं, "केंद्र सरकारचा नमुना पाहिजे." नुसतं "नॉन-क्रीमी लेयर" म्हणायचं नाही!

आणि मग ते उद्देशपत्र. एसओपी म्हणतात. मला वाटलं निबंध असेल. त्या मुलीनं पहिल्यांदा लिहून आणलं ते असं, की मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे आणि मला गोरगरिबांची सेवा करायची आहे. मी म्हटलं छान आहे. पण तिचं तिलाच पटलं नाही! म्हणाली, "काका, हे कोणीबी लिहिते." बसली बाकावर. वही काढली. तिची आई आशा स्वयंसेविका आहे. आशा म्हणजे २००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियान आलं तेव्हापासूनची, साधारण हजार लोकसंख्येमागे एक. आईची रजिस्टरं ही मुलगी शाळेत असल्यापासून लिहून देते. गरोदर बायकांची नोंद, बाळांच्या लसींची नोंद, क्षयाच्या गोळ्यांची नोंद. तेच नाव, तोच पत्ता, तीच तारीख वेगवेगळ्या वह्यांत पुन्हा पुन्हा, आणि वर मोबाइलच्या ॲपवर. आणि आईला या लिहिण्यात संध्याकाळ जाते, म्हणून एखाद्या घरी जायचं राहतं. तिनं हे लिहिलं! एवढंच लिहिलं! की मला हे शिकायचं आहे की एकदाच लिहिलेलं सगळीकडे कसं पोहोचेल आणि माझ्या आईची संध्याकाळ कशी वाचेल. मी टाइप करत होतो आणि माझे हात थांबले. मी इतकी वर्षं फॉर्म भरतोय, पण असा कागद माझ्या हातातून गेला नव्हता!

आणि मग मला वाटायला लागलं, अरे, आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक पोराकडे असं काहीतरी आहे! बघा ना! जळगाव जामोद, संग्रामपूरकडे खारपाणपट्टा आहे, पूर्णा नदीच्या खोऱ्यातलं खारट पाणी, आणि तिथं मूत्रपिंडाच्या आजारानं किती घरं पोळली आहेत हे तिकडच्या पोरांना कुणी सांगायला नको. डायलिसिसला आठवड्यातून दोनदा-तीनदा गाडी करून जाणारा काका कुणाच्या घरात नाही? त्या काकाचा एक दिवस लिहून काढा, त्यात अख्खा अभ्यासक्रम आहे!

शेगाव तालुक्यातली पोरं घ्या. जानेवारी २०२५ मध्ये बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस अचानक गळायला लागले, दोन-चार दिवसांत टक्कल पडायला लागलं. सगळ्या देशात बातमी झाली. त्वचारोगतज्ज्ञ आले, पाण्याचे नमुने गेले, रक्ताचे, केसांचे नमुने गेले, आयसीएमआरची पथकं आली. लोकांनी टीव्हीवर टक्कल बघितलं. मी आता त्यातलं दुसरं बघतोय! गावातली पहिली तक्रार कुणी ऐकली? ती उपकेंद्रातून प्राथमिक आरोग्य केंद्रात, तिथून जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांपर्यंत, तिथून दिल्लीपर्यंत कशी गेली? नमुना कुणी गोळा केला, कशात भरला, कुठं पाठवला, आणि त्या दिवसांत गावात अफवा उठल्या तेव्हा लोकांशी कोण बोललं? हा सगळा प्रवास म्हणजे आरोग्य प्रशासन! आपल्या अंगणात घडलेलं!

शिडी तर आपल्याला पाठच आहे, फक्त तिला शिडी म्हणून बघितलं नव्हतं. सपाट प्रदेशात ५,००० लोकांमागे उपकेंद्र, ३०,००० मागे प्राथमिक आरोग्य केंद्र, मग ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय. डोंगराळ आणि आदिवासी भागात हेच आकडे ३,००० आणि २०,०००. खालचा अर्धा भाग जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे, वरचा जिल्हा शल्यचिकित्सकांकडे! दोन वेगळे साहेब! हे मला या वयात कळलं! आणि मग त्यात १०८ ची रुग्णवाहिका, २०१४ पासून आपल्या राज्यात धावणारी, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजना, जी २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी म्हणून आली होती. मोठ्या दवाखान्यात शिरल्यावर त्या योजनेच्या टेबलाशी जो 'आरोग्यमित्र' बसलेला असतो ना, रेशन कार्ड बघणारा, तो या सगळ्या यंत्रणेचं आपल्याला दिसणारं तोंड. त्याच्यामागे कोण काय मंजूर करतं, पैसे दवाखान्याला किती दिवसांनी मिळतात, न मिळाले तर दवाखाना योजनेतून बाहेर का पडतो, याचाही अभ्यास आहे!

आणि वेळ बघा कशी आलीय! बुलढाण्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालंय! ९ ऑक्टोबर २०२४ ला राज्यातल्या दहा नव्या महाविद्यालयांचं एकदम उद्घाटन झालं, त्यात आपलं एक, १०० जागांचं. आपले खासदार प्रतापराव जाधव, मेहकरचे, जून २०२४ पासून केंद्रात आरोग्य राज्यमंत्री आहेत. नव्या महाविद्यालयाला डॉक्टर लागणार हे सगळे बोलतात, चौकात बोलतात, एसटीत बोलतात. पण तिथं खाटा, भांडार, रक्तपेढी, नोंदी, रांगा, आगीची व्यवस्था, स्वच्छता, तक्रारीची खिडकी, हे सगळं उभं करणारी माणसं कुठून येणार? मुंबई-पुण्याहून येतील आणि बदली करून घेतील. नाहीतर आपली पोरं शिकून येतील, ज्यांना माहीत आहे की सिंदखेडराजाच्या म्हातारीला बुलढाण्याला पोहोचायला किती वेळ लागतो आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत ओपीडी का रिकामी असते!

पैशाचं विचारताय? विचारलंच पाहिजे. मुंबईचं शिक्षण, मेसचा खर्च, फी, हे आपल्या घरांना थोडं नाही. अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, पण अटी आणि वेळापत्रक नीट वाचून जायचं, पैसे कधी जमा होतात हे आधीच्या वर्षाच्या मुलांना विचारून जायचं. शिक्षण कर्जाचं बँकेत आधी बोलून ठेवायचं. घरी बोलायचं, विशेषतः मुलींनी. त्या मुलीचे वडील दुकानात आले होते, त्यांचा एकच प्रश्न होता: "हे करून काय होते?" मी त्यांना बाकावर बसवलं आणि हे सगळं सांगितलं, तुम्हाला सांगतोय तसंच, पिवळ्या पिशवीपासून खारपाणपट्ट्यापर्यंत. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माहा बाप ॲडमिट होता तवा तीन दिवस कोणी सांगे ना कुठं जायचं, कोणाले भेटायचं. हे ते काम हाय का?" हो दादा! हेच ते काम!

तिची परीक्षा व्हायची आहे. ती अभ्यास करतेय, मीही बसलोय तिच्या बरोबरीनं जुने प्रश्न सोडवत, मला कुठं प्रवेश घ्यायचाय, पण सोडवल्याशिवाय राहवत नाही! इंग्रजी उतारे वाचतो, तर्काचे प्रश्न सोडवतो, चुकतात, पुन्हा सोडवतो.

आता तुमचं काम. तुमच्या घरात, गल्लीत, वाचनालयात शेवटच्या वर्षाला असलेलं पोरगं किंवा पोरगी असेल, त्यांना आजच सांगा की बी.ए. चालतं. सीयूईटी-पीजीची जाहिरात साधारण हिवाळ्यात येते आणि परीक्षा मार्चच्या आसपास होते, आणि तोवर जात प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि केंद्राच्या नमुन्यातला नॉन-क्रीमी लेयर हातात पाहिजे. तहसीलला गर्दी वाढायच्या आत काढा. मेहकरला आलात तर फॉर्म मी भरून देईन. या एका फॉर्मचे पैसे मी घेत नाही.